घाटातला पाऊस, दौंडचं अंगण

१२ जून, सोमवार. सकाळी ७

पाचवं झाड उपटलं तेव्हा ही चहा घेऊन बाहेर आली. झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कप ओट्यावर ठेवला आणि आत गेली. काही बोलली नाही. म्हणजे हरकत नाही.

सदाफुली अतिवृष्टीत मुळाशी कुजते. बागकामाच्या व्हिडिओत स्वच्छ सांगितलं आहे. हिनं ती कधी लावली माहीत नाही, पण लावताना ड्रेनेजचा विचार केलेला नाही. एकूण बावीस झाडं. बारापर्यंत बावीसही बाहेर.

चहा गार झाला होता. प्यालो.

संध्याकाळी ६

नवी वही आहे, तेव्हा पार्श्वभूमी लिहून ठेवतो. ३१ मेला रिटायर झालो. चौतीस वर्षं रेल्वेत, सगळी कर्जत-लोणावळा घाटात. गँगमन म्हणून लागलो, सुपरवायझर म्हणून उतरलो. काम एकच: डोंगरावरून येणारं पाणी रुळाखाली शिरू द्यायचं नाही. असा माणूस दौंडला स्वतःच्या घरी येतो, तर समोर तीस बाय चाळीसचं अंगण आणि त्याला एक ड्रेन नाही. चौतीस वर्षं हे घर नशिबावर उभं आहे.

आमच्या खात्यात पावसाळ्यात रजा नसते. त्यामुळे जून ते सप्टेंबर मी एकदाही घरी आलो नाही. दौंड नेहमी कोरडं पाहिलं, कारण नेहमी मे महिन्यात आणि दिवाळीत आलो. त्यात गावाचा दोष नाही.

मुलगा संघर्ष जुलैचा, मुलगी माया ऑगस्टची. दोघांच्या नामकरणाला मी घाटात मंकी हिलच्या वर, छत्री आणि बॅटरी घेऊन पेट्रोलिंगला. संघर्षचं नाव मला खात्याच्या कंट्रोल फोनवर कळलं. मायाचं तिसऱ्या दिवशी, चहावाल्याकडून.

आता सूनबाई मोनिका शिरूरला माहेरी आहे, बाळंतपणाला. पुढच्या महिन्यात नातवंड. त्याचं नामकरण याच अंगणात होईल आणि मी पहिल्या रांगेत असेन. हा संकल्प क्रमांक एक. बाकीचे उद्या.

पाऊस: ०.

१४ जून, बुधवार

व्हिडिओ चौथ्यांदा पाहिला. पावसाळी प्रदेशातल्या घरगुती बागांसाठी लँडस्केप डिझाइनच्या पंचवीस कल्पना. माणूस गोरा आहे, पण विषय जाणतो. बोलत असताना मागे सतत पाऊस चालू. बघूनच बरं वाटतं.

निवडलेल्या कल्पना: रेन गार्डन, म्हणजे अंगणाच्या मध्यभागी खोलगट खड्डा, सगळं पाणी तिथं येऊन मुरतं. त्याच्याकडे जाणारा दगडी ओढा. ओढ्यावरून लाकडी पायवाट. पत्र्याच्या पन्हळीला पाइपऐवजी साखळी, तिच्यावरून पाणी उतरताना दिसतं. नेचे, अळू, कर्दळ. भिंतीवर शेवाळ. शेवाळ आपोआप येतं, आणायची गरज नाही.

खणायला सुरुवात. शेजारचे हौसराव भिंतीवर कोपरं टेकून बघत होते. त्यांचं शेत आहे, म्हैस आहे, आणि वेळही आहे. म्हणाले, बापू, काय हो ह्ये, हौद का? मी सांगितलं, रेन गार्डन. ते म्हणाले, गार्डन समजलं. रेन कुठनं आणणार?

अशा माणसांना आकड्यांनी उत्तर द्यावं लागतं. प्लॅस्टिकची बाटली कापून पर्जन्यमापक तयार केला आणि भिंतीवर बसवला.

पाऊस: ०.

१९ जून, सोमवार

खड्डा बारा बाय आठ, खोली तीन फूट. काळी माती, वाळून दगड झालेली. इतक्या भेगा आहेत की एकीत कुदळीचा दांडा उभा राहतो. निचऱ्याला उत्तम.

गमबूट आणले. खात्याचा रेनकोट आहेच.

हिला वाटतं इथं पाऊस पडत नाही. म्हणाली, आवो, चौतीस वर्षं मी हितंच हाय. मी विचारलं, कधी मोजलास? हिनं अंगणवाडीत इतकी वर्षं काढली, पोरांची वजनं महिन्याला लिहिली, पण पाऊस कधी लिहिला नाही. लोक अनुभव सांगतात, नोंद कुणाकडे नसते.

पाऊस: ०. साहजिक आहे. मान्सून अजून कोकणात आहे. घाट चढायचा म्हणजे त्यालाही मागून इंजिन लावावं लागतं.

३ जुलै, सोमवार

आषाढ पौर्णिमा. विहारात वर्षावास सुरू झाला. तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. भन्तेजींना मी मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं, की भिक्खूंनी हे तीन महिने एका जागी राहायचं ते पावसामुळेच ना? भन्तेजी म्हणाले, मूळ कारण तेच. मी हिच्याकडे बघितलं.

ही म्हणाली, भन्ते, दौंडात मात्र उन्हामुळं एका जागी बसायचं.

भन्तेजी हसले. भिक्खूंच्या हसण्याला मर्यादा असावी.

पाऊस: ०.

६ जुलै, गुरुवार

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी नात झाली. शिरूर. वजन दोन किलो नऊशे. दोघी सुखरूप. पेढे आणले. हौसरावांनी तीन घेतले.

शिरूरचे व्याही फोनवर म्हणाले की नामकरण आमच्याकडेच करू, घराजवळच हॉल आहे, पंखे आहेत, पार्किंग आहे. मी स्पष्ट सांगितलं, माझ्या अंगणात होईल. सव्वा महिना झाल्यावर, संघर्षला सणसवाडीच्या कंपनीतून सुट्टी मिळेल त्या रविवारी. वीस ऑगस्ट.

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, तुमी असणार?

मी म्हटलं, मी रिटायर आहे, कुठं जाणार?

ती म्हणाली, मग येकच सांगते. अंगण सपाट पायजे. शंभर माणूस मांडी घालून बसंल असं.

कबूल केलं. डिझाइनमध्ये किरकोळ बदल: खड्ड्यावर लाकडी डेक. पाहुणे पाण्यावर बसतील. शिरूरच्या हॉलमध्ये ही सोय नाही.

नाव वर्षा ठेवावं असं मी सुचवलं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे आमच्या मायाचा. ती फोनवर म्हणाली, पप्पा, वर्षा ठेवलं आन् आलीच न्हाई तर? तिनं एक नाव ठरवलं आहे, पण त्या दिवसापर्यंत कुणाला सांगणार नाही. मलाही नाही. मी आग्रह केला नाही. या वेळी मी समोर असणार आहे.

पाऊस: ०.

९ जुलै, रविवार. सकाळी ८

अकरा मिलिमीटर! बाटली दोनदा तपासली. मी झोपेत असताना पडून गेला असणार. हौसरावांना भिंतीवरून आकडा दाखवला.

सकाळी साडेआठ

हौसरावांची बायको झुंबरबाई म्हणतात की सकाळी त्यांनी म्हैस धुतली, तेव्हा पाइप हातातून सटकला आणि पाणी भिंतीवर उडालं.

नोंद खोडलेली नाही. पाणी ते पाणी.

१६ जुलै, रविवार

ओढ्यासाठी नदीतले गोल दगड हवेत. ते आणता येत नाहीत आणि आणूही नयेत. क्रशरवरून खडी मागवली. टोकदार आहे, पण रेल्वेला हीच चालते. पायवाटेसाठी भंगारवाल्याकडे रुळाखालचे जुने लाकडी स्लीपर मिळाले. खडी सारख्या उताराने पसरली, दोन्ही कडा नीट दाबून घेतल्या, वर स्लीपर आडवे, दोन फुटांवर एक. दिवसभर हात कसे चालले कळलं नाही.

संघर्ष सुट्टीला आला. फाटकात उभा राहून बघत राहिला. म्हणाला, पप्पा, ह्यो रूळ हाय.

मी म्हटलं, रूळ कुठं दिसतो तुला?

म्हणाला, रूळ तेवढा न्हाई.

हौसराव भिंतीवरून म्हणाले, गाडी कवा सोडताय बापू? आम्हाला पुण्याला सोडा.

नव्या गोष्टीला लोक हसतातच. पाऊस: ०.

२२ जुलै, शनिवार

नेचे वाळले. लोणावळ्याहून एका सहकाऱ्यानं गाडीतून पाठवले होते, सहा. अळू तग धरून आहे, पण त्याला रोज चार बादल्या लागतात. कर्दळीला दोन. नळाला पाणी एक दिवसाआड. पावसाळी बागेला इतकं पाणी लागतं हे व्हिडिओत सांगायला हवं होतं. अर्थात ही सोय पाऊस येईपर्यंतच.

हिनं अळूची पानं कापून वड्या केल्या. निषेध नोंदवला. वड्या सहा खाल्ल्या.

पाऊस: ०. ढग होते. पश्चिमेकडून आले आणि न थांबता सोलापूरकडे गेले. दौंडला सगळ्या गाड्या थांबतात, ढग नाही.

२६ जुलै, बुधवार

खंडाळ्याला फोन केला, जुन्या गँगमधल्या मुकादमाला. आज किती? म्हणाला, सकाळपासून दोनशे दहा. मी विचारलं, वरच्या कड्यामागचा ड्रेन साफ केलात का? म्हणाला, केला साहेब. मी म्हटलं, फोन जरा बाहेर धर. त्यानं धरला.

पाच मिनिटं ऐकला.

हिनं विचारलं, कुणाचा? मी म्हटलं, ऑफिसचा.

पाऊस: ०. इथं.

६ ऑगस्ट, रविवार

दोन आठवडे राहिले. हिनं मांडववाल्याला बोलावलं. तो अंगणात फिरला, खड्ड्यात डोकावला, स्लीपरवरून चालत टोकापर्यंत गेला आणि परत आला. हिला म्हणाला, ताई, बांबू कुठं रोवू?

डेकसाठी अजून चाळीस स्लीपर लागतील. भंगारवाल्याकडे सात आहेत. डेक रद्द. पाहुणे खड्ड्याभोवती बसतील. स्टेडियमसारखं. हे जास्त चांगलं.

एक अडचण आहे. शिरूरचे व्याही कोरडा ओढा बघून हसतील. ओढ्याला पाणी वाहतं हवं. पाऊस आला तर आलाच. नाही आला तर पर्यायी व्यवस्था तयार हवी. घाटात आम्ही नेहमी पर्यायी व्यवस्था ठेवायचो.

संकल्प: टँकर.

१३ ऑगस्ट, रविवार

रंगीत तालीम. टँकर सकाळी नऊला आला. चालकानं विचारलं, टाकी कुठाय? मी ओढ्याचं टोक दाखवलं. त्यानं दोनदा विचारलं. मग पाइप सोडला.

पाणी खडीवरून निघालं, स्लीपरखालून गेलं, खड्ड्यात उतरलं. अगदी डिझाइनप्रमाणे. मी रेनकोट घातला होता. वीस मिनिटांत सगळं पाणी भेगांतून खाली गेलं. खड्डा रिकामा. पाझर इतका उत्तम असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

दहा वाजता हौसराव भिंतीवर आले. म्हणाले, बापू, तुमचं पाणी आमच्याकडं पावणं आलंय. कडब्याखाली बसलंय.

ही आणि झुंबरबाई दुपारपर्यंत ओला कडबा उन्हात पसरत होत्या. त्यांच्या अंगणात बघितलं. सारवलेलं, सपाट, एका कोपऱ्यात म्हैस. डिझाइन असं काहीच नाही.

हिनं मला एवढंच विचारलं, की वीस तारखेला असलं काय करणार न्हाई ना? मी म्हटलं, आता भेगांचा प्रश्न सुटला आहे. माती फुगली आहे.

खरंच फुगली आहे. भेगा बंद. पाऊस: ०. टँकरचं पाणी धरलेलं नाही.

१९ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी ६

दुसरा टँकर सोडला. या वेळी पाणी थांबलं. पूर्ण खड्डा, काठोकाठ. ओढ्यातही घोट्याएवढं. साखळीवरही थोडं ओतून बघितलं. पाण्यात आमचं दार, पत्रा, साखळी, सगळं उलटं दिसत होतं.

चौतीस वर्षं मी पाणी घालवत आलो. आज पहिल्यांदा थांबवलं.

हिला बोलावून दाखवलं. म्हणाली, छान दिसतंय. मग खाली बघितलं आणि म्हणाली, कडा भिजतायत. उद्या वाळंल ना? शंभर माणूस हाय.

मी म्हटलं, चार तासांत. ऊन कडक आहे.

म्हणाली, तुमी म्हणताय म्हंजी वाळंल.

हे तिनं कशा अर्थानं म्हटलं ते कळलं नाही. पण म्हटलं.

२० ऑगस्ट, रविवार. सकाळी ६.१०

फाटकापर्यंत जाऊन यावं म्हणून निघालो. तिसऱ्या पावलाला गमबूट जमिनीत राहिला आणि पाय वर आला. काळी माती ओली झाली की सोडत नाही. गमबुटाचा दोष नाही.

७.१५

मांडववाला आला. एक बांबू रोवला. तो हळूहळू दक्षिणेकडे झुकला. एक खुर्ची ठेवून बघितली. मी तिच्यावर बसलो. खुर्ची शांतपणे खाली गेली. गुडघे छातीशी आले तेव्हा मांडववाल्यानं हात दिला.

मी म्हटलं, अकरापर्यंत वाळेल. त्यानं हिच्याकडे बघितलं.

७.४०

ही भिंतीपाशी गेली आणि झुंबरबाईंना एक वाक्य बोलली. मला ऐकू आलं नाही. झुंबरबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की सगळ्या गल्लीनं ऐकलं: आगं मग हितं की! आमचं अंगण काय दिल्लीला हाय व्हय?

मांडववाला लगेच बांबू काढून पलीकडे गेला. ही घरातून पाळणा, मेणबत्त्या, तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, पांढरं कापड, सगळं एकटीनं नेऊ लागली. माझ्याशी काही बोलली नाही. या वेळी त्याचा अर्थ लावला नाही.

शेवटी तिनं आमच्या मागच्या भिंतीमागून तेलाचे पत्र्याचे डबे आणले आणि झुंबरबाईंच्या अंगणाला कडेनं लावले. प्रत्येकात सदाफुली. गुलाबी आणि पांढरी, भरून फुललेली. मोजली. बावीस.

९.३०

ठिकाण बदललं तरी कार्यक्रम तोच. मी पहिल्या रांगेत असणार. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला.

हौसराव म्हैस घेऊन आले. म्हणाले, बापू, माणसं बसायची, हिला पाच मिनटं तुमच्यात बांधतो. गाभण हाय, आठवा चाललाय, जरा ध्यान असू द्या. मी म्हटलं, चालेल. शेजारधर्म.

दोरी खुंटीला बांधायच्या आत म्हशीनं खड्डा बघितला. हौसरावांच्या हातातून दोरी गेली. ती सरळ चालत आली, ओढ्यातून, डिझाइनप्रमाणे, आणि खड्ड्यात उतरून बसली. फक्त डोकं आणि पाठीचा वरचा भाग बाहेर. डोळे मिटले.

हौसराव म्हणाले, बसू द्या. आन् पाहुण्यांची व्यवस्था बघायला गेले.

१०.२०

शिरूरची जीप आली. नातीला फाटकातूनच पाहिलं. टोपीत चेहरा, एक मूठ बाहेर. मोनिका म्हणाली, पप्पा, या ना पलीकडं. व्याह्यांनी खड्ड्याकडे बघितलं, म्हशीकडे बघितलं आणि म्हणाले, वा, हे बरं केलंत. मी म्हटलं, पाच मिनिटांत येतो.

१०.४०

म्हैस हलत नाही. दोरी ओढली. हाक मारली. पोटापर्यंत चिखल आहे. माझ्या गमबुटाला जे झालं ते तिला झालं असणार. गाभण जनावर आहे. शेजाऱ्याचं आहे. जबाबदारी माझी आहे. पलीकडे सांगितलं असतं तर सगळे कार्यक्रम सोडून इकडे आले असते.

घाटात दरड आली की पेट्रोलमन जागा सोडत नाही. जागा सोडली नाही.

पँट वर करून आत उतरलो. एक हात तिच्या पाठीवर ठेवला, घाबरू नये म्हणून. ती घाबरलेली दिसली नाही, पण जनावर दाखवत नाही.

१०.५५

भिंतीपलीकडे वंदना सुरू झाली. त्रिसरण, पंचशील. मीही म्हटलं, तिथंच उभा राहून, पाण्यात. म्हशीनं कान हलवले.

आता नामकरण. पाणी उपसलं तरच ती निघेल. टँकरवाल्याकडून पर्यायी व्यवस्था म्हणून डिझेल पंप आणून ठेवला होता. चालू केला.

११.०५

पंपाचा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आहे. खड्ड्याच्या काठावर चढून टाचा उंच केल्यावर भिंतीवरून दिसत होतं. माया पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानाशी काही म्हणाली. मग सरळ उभी राहून सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. तोंड उघडलेलं दिसलं. मी पंप बंद करायला वळलो. चिखलातून दोन पावलं. बटण दाबलं.

टाळ्या चालू होत्या.

११.१५

हौसराव आले. हातात मूठभर पेंड. जिभेनं एकदा टक् केलं आणि म्हणाले, चल गं बया. म्हैस उठली, अंग झाडलं, माझा शर्ट भिजवला आणि चालत बाहेर आली. जशी गेली तशी.

हौसराव म्हणाले, अडकली न्हवती बापू. तिला गार वाटलं.

दुपारी २

जेवायला शेवटच्या पंगतीत बसलो. दुसरा शर्ट घालून. जो येईल तो म्हणत होता, नाव झकास निवडलंय हो. मी म्हणत होतो, हो, झकास. व्याही शेजारी बसले. म्हणाले, तुम्हाला कसं वाटलं नाव? मी म्हटलं, अर्थपूर्ण आहे. ते म्हणाले, तेच म्हणतो मी.

नातीला मांडीवर घेतलं. तिला हाक मारावी असं वाटलं. बाळा म्हटलं.

आता कुणाला विचारणं शक्य नाही. विचारलं तर मी तिथं नव्हतो हे कळेल. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. प्रकरण तसं हाताबाहेर गेलेलं नाही.

संध्याकाळी ६

संघर्षनं मोबाइलवर स्टेटस ठेवलं आहे. नामकरणाचा व्हिडिओ. कानाला लावून सहा वेळा पाहिला. माया वाकते, उभी राहते, तोंड उघडते. पूर्ण वेळ माझा पंप ऐकू येतो. पंप चांगला चालला आहे, एकसारखा.

खाली चव्वेचाळीस जणांनी अभिनंदन लिहिलं आहे. नाव कुणीच लिहिलेलं नाही. लोक अर्धवट लिहितात.

शिरूरची जीप पाच वाजता गेली. माया नवऱ्याबरोबर गेली. जाताना म्हणाली, पप्पा, वर्षापेक्षा बरंय ना? मी म्हटलं, किती तरी.

पाऊस: ०.

२१ ऑगस्ट, सोमवार. सकाळी

सहाला उठलो. ही ओट्यावर बसली होती. दोन कप होते. मी शेजारी बसलो आणि तिला नाव विचारलं. ती म्हणाली, मैत्री. आणि चहा माझ्याकडे सरकवला. गरम होता.

मग फावडं घेऊन खड्डा बुजवायला गेलो. म्हैस आत बसली होती. ती उठेपर्यंत थांबलो.